मास्तरांची खाट, साहेबांची कॉट

"ही काय बाज हाय?" हौसाबाईंनी माझ्या अंगाखालच्या प्लायवुडवर बोटांच्या पेरांनी टकटक केलं. "दार उचलून आडवं टाकलंय जनू. खाली शेगडी ठिवून मी काय फळीला शेक देऊ?"

मी पाच दिवसांचं बाळ कुशीत घेऊन त्या फळीवर पडले होते. पाठ ठणकत होती. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला येणाऱ्या हौसाबाईंनी नुकतंच मला कढत पाण्यानं न्हाऊ घातलं होतं, आणि आता शेकाची वेळ होती. आमच्याकडे बाळंतिणीला सुंभानं विणलेल्या बाजेवर निजवतात आणि खाली निखाऱ्यांची शेगडी ठेवतात. दोरांच्या फटींतून ओव्याचा, बाळंतशेपांचा धूर आणि ऊब वर येते, पाठीत मुरते. लोखंडी कॉटवर हे होणार कसं? धूर फळीखाली कोंडून चारी बाजूंनी बाहेर पडला आणि खोलीभर सगळे खोकत सुटले.

"अहो, ऐकलंत का?" आई ओरडली. "माळ्यावरची बाज काढा आणि विणून आणा."

दादा आले. दादा म्हणजे माझे वडील, करमाळ्याचे हेंद्रे मास्तर. बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवून नुकतेच निवृत्त झालेले. हातात कोश, कोशात बोट, नाकावर चष्मा. चष्म्याला त्यांनी काळा गोफ लावून तो गळ्यात अडकवलेला असे. आंघोळीला जातानाच तो उतरायचा.

"गंमत बघ निमा," ते मला म्हणाले, "ज्या लोखंडी वस्तूला तुम्ही कॉट म्हणता ना, तो शब्द मुळात..."

"खाटेवरून आलाय," मी, आई आणि हौसाबाई एका सुरात म्हणालो. हौसाबाई शाळेचं तोंडही न पाहिलेल्या. पण पाच दिवस आमच्या घरी येऊन त्यांनाही ते पाठ झालं होतं.

या खोडीनं माझं बालपण गेलं. न्हायला बसावं, तर शाम्पू हा शब्द आपल्या चंपीच्या घरातला. बंगला दिसला, तर तोही इंग्रजांनी इथूनच उचलला. चहा गार व्हायचा, भाजी करपायची, दादांचा शब्द मात्र गावाला पोचल्याशिवाय थांबायचा नाही. हे सगळं घरात होतं तोवर आम्ही सोसलं. त्यांनी ते माझ्या लग्नात आणलं, तिथे घात झाला.

लग्नाआधी दोन्हीकडची मंडळी देण्याघेण्याची यादी करायला बसली होती. दादा लिहीत होते. त्यांनी लिहिलं, 'खाट, एक.' माझे होणारे सासरे, दौंडकडचे निवृत्त स्टेशनमास्तर माळवदेसाहेब, वाकून बघत म्हणाले, "कॉट लिहा, मास्तर. खाट म्हणजे ढेकणांची."

"कॉट म्हणजे खाटच, साहेब," दादा खुशीत आले. "इंग्रज इथे आले, आपल्या खाटेवर झोपले, आणि जाताना शब्द घेऊन गेले."

"चूक. कॉट हा कॉटेजमधला. कॉटेज म्हणजे लहान घर. लहान घरातलं लहान अंथरूण. शुद्ध इंग्रजी आहे."

तिथून जी सुरुवात झाली ती काही थांबेना. मंगलाष्टकं चालली होती तेव्हा हे दोघे अक्षतांची मूठ तशीच धरून 'कॉट-कॉट' करत होते. लग्नानंतर पोस्टकार्डं सुरू झाली. पोस्टकार्ड म्हणजे उघडा कारभार. दोन्ही गावांच्या पोस्टमनांना वाद तोंडपाठ झाला. मी सासरी भाकरी थापत असले की मामंजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारत, "तुझ्या वडिलांना हट्टाशिवाय दुसरं काही येतं का?" मी तव्यावरची भाकरी उलटायचे. माझे यजमान, प्रभाकर, बिचारे पेपरात तोंड घालून बसायचे.

दिवाळसणाला कळस झाला. सगळे फराळाला बसले होते आणि दादांचा तोल गेला. ते म्हणाले, "स्टेशनमास्तरांचं इंग्रजी लाल-हिरव्या झेंडीपुरतं."

मामंजी पानावरून उठले. हातात चकली तशीच होती. ती त्यांनी ताटात ठेवली आणि म्हणाले, "मास्तर आपली चूक लेखी कबूल करत नाहीत तोवर या घराच्या उंबऱ्यात मी पाऊल ठेवणार नाही. माझ्या घरचंही कोणी ठेवणार नाही."

आणि हे सगळं झाल्यावर सहा महिन्यांनी मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते. मुलगा झाल्याची तार गेली. उत्तरादाखल प्रभाकरांचं दोन ओळींचं पत्र आलं: 'आनंद झाला. बाबा लेखी मिळाल्याशिवाय हलत नाहीत. बारशाचं काय करावं ते तुम्हीच ठरवा.'

आता बारसं काय एकट्या आजोळानं करायचं? नाव ठेवायला आत्या लागते. ती आली नाही तर गावात काय बोभाटा होईल, हे आईला दिसत होतं. मला त्याच्या पुढचं दिसत होतं. जी माणसं बारशाला येत नाहीत, ती सव्वा महिन्यानं सुनेला न्यायला येतील कशावरून? मी तेवीस वर्षांची होते. एका शब्दासाठी माहेरी बसून राहिलेली बाई असं माझं नाव पडेल, या विचारानं मी ते पत्र पुन्हापुन्हा उघडून वाचत होते.

"लिहून द्या ना दोन ओळी," मी दादांना म्हणाले. "चुकलो म्हणा. काय जातं?"

"चुकलो असतो तर लिहिलं असतं," दादा म्हणाले. "खरं असताना खोटं कसं लिहू? मी शिक्षक आहे, निमा."

"सुंभ जळेल, पण पीळ काही जळायचा नाही," आई म्हणाली. "दोघांचाही."

तर अशा परिस्थितीत त्या बाजेचं काम दादांवर आलं. ज्या सागवानी बाजेवर माझा जन्म झाला होता तिची चौकट माळ्यावरून खाली आली. दोर उंदरांनी कधीच खाल्ला होता. गावात बाज विणणारे एकच धोंडिबा उरले होते, ते लेकीच्या गावी जत्रेला गेलेले. दादा बाजारात गेले आणि पिवळीधमक नायलॉनची दोरी घेऊन आले.

"जाळता का काय पोरीला?" हौसाबाईंनी ती दोरी अंगणात भिरकावली. "शेगडीवर हे वितळंल आन् पाठीला चिकटंल. सुंभ आना, सुंभ. काथ्याचा."

काथ्या आला. दादांनी विणायला घेतलं. पहिल्या दिवशी जे झालं त्यात मांजर अडकलं. दुसऱ्या दिवशी बरं दिसलं म्हणून आईनं वर गव्हाचं पोतं ठेवून पाहिलं, तर ते सावकाश जमिनीला टेकलं. तिसऱ्या दिवशी दादांनी कागदावर आकृती काढली. हातांना फोड आलेले, चष्म्याच्या गोफात काथ्याची कुसं. आणि तोंडानं चालूच की 'बाज' हा शब्द मात्र इंग्रजांनी का नेला नसावा. मी आतून सगळं ऐकत होते. मला रडूही येत होतं आणि एखादी वस्तू फेकून मारावीशीही वाटत होती.

दहाव्या दिवशी सकाळी आठच्या एस्टीनं मामंजी आले.

एकटेच होते. अंगात त्यांचा तो बंद गळ्याचा कोट, ऐन चैत्रात. हातात कापडी पिशवी. अंगणाच्या फाटकातून आत आले आणि उंबऱ्याच्या चार हात अलीकडे थांबले.

"हिनं बाळाला झबली-टोपडी आणि डिंकाचे लाडू दिलेत," ते कोणाकडेही न बघता म्हणाले. "पोचवायला आलोय. अकराच्या गाडीनं परत."

"या ना आत, भाऊ," आई पदर सावरत म्हणाली.

"इथेच ठीक आहे."

"पाणी तरी..."

"नको."

आईनं बाळाला दारापर्यंत नेऊन दाखवलं. त्यांनी बाहेरूनच मान लांब करून पाहिलं. कोटाच्या खिशाकडे त्यांचा हात गेला, मला वाटलं बाळाच्या हातावर काही ठेवणार. पण हात तसाच परत आला. मग ते अंगणातल्या तुळशीच्या कट्ट्याशेजारी दगडावर बसले. तीन तास तिथे काढायचा त्यांचा बेत होता.

दादा चौकटीपाशी काथ्याच्या गुंत्यात बसलेले होते. नमस्कार झाला, तोही मानेनंच. माझी कॉट खिडकीशी होती, मला सगळं दिसत होतं. दादांनी एक दोर अडकवला, ओढला, तो सुटला. परत अडकवला. मामंजी आभाळाकडे बघत होते. मग फाटकाकडे. मग दोराकडे. माणूस डोळ्यांसमोर आपल्या हातचं काम बिघडताना बघतो तेव्हा त्याचा जीव कसा तुटतो ते मी त्या दिवशी पाहिलं, पण तेव्हा मला कळलं नाही.

"भिजवला का?" ते अचानक म्हणाले.

"काय?" दादांनी वर पाहिलं.

"सुंभ. कोरडा विणतात का कोणी? भिजवून विणायचा, मग वाळताना आवळतो."

"कोशात तसं काही..."

"कोशात नसतं ते." मामंजी उठले. "विहीणबाई, एक घंगाळं भरून पाणी द्या."

आईनं घंगाळं दिलं. सुंभ भिजेपर्यंत त्यांनी दादांचं तीन दिवसांचं विणकाम पाच मिनिटांत उसवलं. मग कोट काढून दाराबाहेरच्या खुंटीला अडकवला, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि चौकटीच्या एका अंगाला मांडी घालून बसले.

"तुम्ही समोर बसा. हे एकट्याचं काम नव्हे. मी देतो, तुम्ही ओढा. ओढा म्हणजे ओढा, मास्तर. झेंडीपुरतं नको."

दादा निमूट बसले. एका कोपऱ्यातून तिरपा दोर निघाला. मामंजींची बोटं त्याला वर-खाली घालत अशी चालली की मला त्यांच्या हातांची नीट ओळखच पटेना. दोन दोर गेले की ते लाकडाच्या दांडक्यानं ठोकून वीण घट्ट करायचे. "ओढा." ठोक. "धरा." ठोक. अकराची एस्टी भोंगा वाजवत निघून गेली. कोणी मान वर केली नाही. आईनं पाण्याचा तांब्या त्यांच्या गुडघ्याशी ठेवला आणि आत आली. थोड्या वेळानं तो रिकामा दिसला.

दुपारी हौसाबाई डोकावल्या. कमरेवर हात ठेवून त्यांनी वीण पाहिली.

"टेसनमास्तर, हे कुटं शिकला वो? रेल्वेत शिकिवत्यात व्हय?"

मामंजींनी दोर पुढे दिला. दोन दोर गेले.

"माझे वडील शिलाई करायचे," ते म्हणाले. "मी आठ वर्षांचा होतो तेव्हा त्यांचे डोळे गेले. मग ते गावोगाव बाजा विणत फिरू लागले. या कामाला डोळे लागत नाहीत, हात लागतात. पण समोर ओढायला माणूस लागतो. तो मी."

दादांचा दोर धरलेला हात थांबला.

"ओढा," मामंजी म्हणाले. "शाळेत मला सगळे खाटवाला म्हणायचे. मास्तरसुद्धा. 'ए खाटवाल्या, उभा राहा.' पुढे नोकरी लागली. पहिल्या दिवशी साहेबानं सामानाचं रजिस्टर भरायला दिलं. मी लिहिलं, टेबल एक, चेअर दोन, कॉट एक. इंग्रजीत लिहिलेलं ते बघून इतकं बरं वाटलं, काय सांगू. म्हटलं, चला, खाट सुटली एकदाची." त्यांनी दांडक्यानं वीण ठोकली. "धरा नीट."

मी खिडकीतून दादांकडे बघत होते. त्यांच्याकडे या वाक्यावर बोलण्यासारखं किती होतं, मला माहीत होतं. चौदा महिन्यांचं भांडण होतं. त्यांनी फक्त दोर ओढला, तोही इतका की हातावरचे फोड फुटले.

उन्हं उतरेपर्यंत बाज वाळून टणक झाली. मामंजींनी पायथ्याकडच्या दोऱ्या शेवटच्या आवळल्या आणि वर तळहात मारला. डफासारखा आवाज आला.

"उचला," ते म्हणाले.

दादांनी पायथा धरला, मामंजींनी उसं. दार अरुंद, बाज रुंद. "तिरपी करा. माझ्याकडे घ्या. खाली बघा, मास्तर." अशा सूचना देत, पाठमोरे चालत, मामंजी उंबरा ओलांडून आत आले. डाव्या पायानं आले, मग उजव्या. त्यांचं सगळं लक्ष चौकटीत होतं. आईनं ते पाहिलं आणि माझ्याकडे बघून तोंडावर बोट ठेवलं.

बाज मांडून झाली. मामंजी हातपाय धुवायला मागच्या दारी गेले. त्यांना उंबऱ्याचं कळलं होतं की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. हौसाबाईंनी मला बाजेवर घेतलं आणि शेगडी पेटवायला बसल्या. आईनं खुंटीवरचा कोट काढून आणला. त्यावर काथ्याची कुसं बसली होती, ती तिनं दारात दोनदा झटकली. दुसऱ्या झटक्याला आतल्या खिशातून एक घडी केलेला कागद जमिनीवर पडला.

दादांनी तो उचलला. लिहिलेला कागद आणि दादा यांच्यामध्ये देवही येऊ शकला नसता. त्यांनी घडी उघडली आणि वाचू लागले. त्यांना मनातल्या मनात वाचता यायचंच नाही. ओठ हलायचे, आवाज पुटपुटण्याइतका तरी निघायचाच. बाज दारापासून दोन हातांवर होती. मला ऐकू आलं.

मोठ्या कोशातून उतरवून घेतलेलं होतं ते. कॉट, हिंदुस्तानी खाट या शब्दावरून. लहान घर या अर्थाचा कॉट निराळा, त्याचा याच्याशी संबंध नाही. खाली तारीख होती, तीन महिन्यांपूर्वीची. आणि तारखेखाली एक ओळ मराठीत: 'मास्तर, तुमचं बरोबर आहे.'

दादांनी ती ओळ दोनदा वाचली. मला वाटलं, आता हे ओरडणार. आता हा कागद काचेत बसवून भिंतीवर लागणार, दोन्ही पोस्टमनांना बोलावून दाखवला जाणार. आणि मग माझं काय होणार? मी नको नको अशी मान हलवली, पण त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते मागच्या दाराकडे बघत होते. तिथे मामंजी वाकून, काथ्यानं सोललेले हात पाण्याखाली धरून उभे होते.

"कागुद द्या की वो कुनी," हौसाबाई शेगडीत फुंकून फुंकून वैतागल्या होत्या. "नुस्ती धुपतीया ही."

दादा वाकले. ज्या माणसानं वाण्याच्या पुडीचा इंग्रजी कागदसुद्धा कधी टाकला नव्हता, त्यानं त्या कागदाची पुन्हा घडी केली, ती कोळशांच्या मधोमध सारली आणि पंखा हातात घेतला. कागद एका बाजूनं काळा झाला, मग भुर्रकन पेटला. कोळसे धरले. हौसाबाईंनी वर ओव्याची चिमूट टाकली आणि शेगडी माझ्या पाठीखाली सरकवली.

दोरांच्या फटींतून ऊब वर आली. दहा दिवसांनी पहिल्यांदा माझ्या पाठीचा ठणका सैल झाला आणि मला रडू फुटलं. हौसाबाई म्हणाल्या, धूर लागला असंल डोळ्यात. मी हो म्हणाले.

मामंजी पंच्यानं हात पुसत आले. आईनं कोट दिला. तो चढवता चढवता त्यांचा हात आतल्या खिशात गेला. मग दुसऱ्या खिशात. मग जमिनीवर नजर फिरली.

"मास्तर," ते म्हणाले, "इथे एक कागद होता."

"घडी केलेला?" दादा पंखा हलवतच म्हणाले. "तो होय. शेगडी धरेना, म्हणून तिला लावला. कामाचा होता का?"

मामंजींनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं.

"वाचलात?"

"छे. चष्मा नव्हता."

चष्मा त्यांच्या नाकावर होता. गोफासकट. मामंजी तो बघत होते, मी बघत होते, आई बघत होती. खोलीत ओव्याचा वास पसरला होता आणि बाळानं झोपेत उचकी दिली.

"बरं झालं," मामंजी शेवटी म्हणाले. "तसा जुनाच होता तो."

मग उंबऱ्याच्या आत, भिंतीला टेकून ते खाली बसले, कोटाची वरची दोन बटणं काढली आणि आईला म्हणाले, "विहीणबाई, चहा टाकता का थोडा? परवा बारशाला किती माणसं आणायची, तेही एकदा ठरवून टाकू."